माफ केलं तर तक्रार मागे घ्यावी लागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका सहकाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी तुमच्यावर पैशांच्या अपहाराचा खोटा आळ घेतला आणि तुमची नोकरी गेली. आता तो माफी मागतो आहे. घरचे म्हणतात, ‘माणूस पस्तावलाय, माफ कर आणि संस्थेकडची तक्रार मागे घे.’ माफ केलं तर न्यायावर पाणी सोडल्यासारखं होईल का, आणि त्याचा पश्चात्ताप खरा आहे हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलं आहे.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: नाही. माफ केलं म्हणून तक्रार मागे घ्यावी लागत नाही आणि तक्रार चालू ठेवली म्हणून तुम्ही सूडबुद्धीचे ठरत नाही. तुमच्या घरच्यांनी, अर्थात चांगल्या हेतूनं, तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधली आहे. पश्चात्ताप त्यानं करायचा आहे. क्षमा करायची की नाही, कधी करायची, हे फक्त तुम्ही ठरवायचं. न्याय मात्र तुम्हा दोघांपुरता नाही. ज्या संस्थेच्या दप्तरात तुमच्या नावापुढे खोटी नोंद पडली, ज्या बैठकीत लोकांनी ती ऐकली, उद्या जे त्याच्या हाताखाली काम करतील, त्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. एकाच्या खात्यातलं काढून दुसऱ्याचं देणं भागवायला गेलं की तिन्ही खाती बिघडतात. तो पस्तावला म्हणून तुम्ही क्षमेचे देणेकरी होत नाही आणि तुम्ही क्षमा केली म्हणून दप्तरातली नोंद आपोआप दुरुस्त होत नाही.

ही फारकत कायद्यानंही मान्य केलेली आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये आरोपीनं पहिल्याच टप्प्यावर गुन्हा कबूल केला तर शिक्षेत जास्तीत जास्त एक तृतीयांश सूट मिळते, आणि खटला सुरू होण्याच्या दिवसापर्यंत थांबला तर ती एक दशांशावर येते. पण 2017 पासून लागू असलेली तिथली मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की ही सूट कबुलीची आहे, पश्चात्तापाची नाही. कबुलीमुळे साक्षीदारांचा मनस्ताप आणि न्यायालयाचा वेळ वाचतो, म्हणून ती दिली जाते. पश्चात्तापाचा विचार वेगळा करायचा. मला ही मांडणी फार शहाणपणाची वाटते, कारण चेहऱ्यावरून पश्चात्ताप वाचण्यात माणसं सपशेल चुकतात. घाबरलेला माणूस निगरगट्ट दिसतो, औषधांमुळे सुन्न झालेला माणूस बेपर्वा वाटतो आणि ज्याला रडता येतं तो बाजी मारून जातो.

वर्णद्वेषी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचं उदाहरण क्षमेच्या बाजूनं नेहमी दिलं जातं, आणि बहुतेक वेळा चुकीचं दिलं जातं. 1995च्या ज्या कायद्यानं तो आयोग स्थापन झाला, त्यात गुन्हेगाराला अभय मिळण्याच्या मुख्य अटी दोन होत्या: कृत्यामागे राजकीय हेतू असला पाहिजे आणि त्यानं संपूर्ण सत्य उघड केलं पाहिजे. पश्चात्ताप ही अट नव्हतीच. ती घातली असती तर प्रत्येकानं ठरल्याप्रमाणे डोळे पुसले असते आणि आयोगाला खऱ्याखोट्याचा निवाडा करत बसावं लागलं असतं. सात हजारांहून अधिक अर्ज आले, त्यातले बहुतांश फेटाळले गेले. ज्यांना अभय मिळालं त्यांच्यावर फौजदारी खटला किंवा नुकसानभरपाईचा दावा करण्याचा मार्ग मात्र पीडितांसाठी बंद झाला. पोलीस कोठडीत मरण पावलेले वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही कुटुंबांनी याला घटना न्यायालयात आव्हान दिलं आणि 1996 मध्ये ते हरले. याचा अर्थ, देश यादवीतून वाचावा म्हणून राज्यानं शिक्षा करण्याचा आपला अधिकार सोडला. त्या कुटुंबांच्या वतीनं क्षमा मात्र राज्यानं केली नाही, करूही शकत नव्हतं. घरचे जेव्हा ‘आम्ही त्याला माफ केलं, तूही कर’ म्हणतात तेव्हा हीच गोष्ट त्यांना सांगावी लागते. त्यांनाही त्रास झाला असेल, तर त्यांच्या त्रासापुरती क्षमा ते करू शकतात. तुमच्या वाटणीची नाही.

आता पश्चात्ताप ओळखण्याकडे येतो. 2016 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांना कोणता किती पटतो ते तपासलं. खेद, काय चुकलं याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पुन्हा न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची याचना, असे ते सहा. सर्वांत वजनदार ठरली जबाबदारीची कबुली, तिच्या पाठोपाठ भरपाईची तयारी. सर्वांत हलकी ठरली क्षमेची याचना. गंमत अशी की माणसं माफी मागायला येतात तेव्हा नेमकी तीच आधी मागतात.

माफी मोजायची असेल तर ती लेखी घ्या आणि वाक्य न् वाक्य वाचा. सर्वसाधारणपणे येणारं पत्र असं असतं:

‘जे काही झालं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं. त्या वेळी ऑफिसातलं वातावरणच तसं होतं, माझ्यावरही दबाव होता. माझ्याकडून चूक झाली. तुला त्रास झाला असेल तर मला माफ कर. गेल्या कित्येक रात्री मला झोप नाही. आता मागचं सोडून देऊ या.’

‘जे काही झालं’ यात करणारा कुणीच नाही, पाऊस पडावा तसं ते झालेलं आहे. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य तर आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं आहे की त्यातली पळवाट दिसतच नाही. ‘मी चूक केली’ म्हणताना ‘मी’ करतो. ‘माझ्याकडून झाली’ म्हणताना चूक आपल्या पायांनी चालत येते आणि मी तिचा नुसता रस्ता असतो. कपबशी फुटली तर ‘माझ्याकडून फुटली’ ठीक आहे. कुणाचं नाव घेऊन खोटं बोललं, तर ते बोललं ‘मी’. पुढे ‘त्रास झाला असेल तर’ यातला ‘तर’ नोकरी गेलेल्या माणसासमोर ठेवायचा म्हणजे झालेली हानी पुन्हा एकदा वादात टाकायची. झोपेचं वाक्य खरं असेलही, पण ते तुम्हाला त्याची काळजी घ्यायला लावतं. आणि ‘सोडून देऊ या’ म्हणण्याचा अधिकार त्याच्याकडे मुळात नाहीच.

त्याच माणसानं खरोखर आत डोकावलं असेल तर पत्र साधारण असं उतरतं:

‘14 मार्चच्या बैठकीत मी सांगितलं की रोख वहीतली तफावत तू केलीस. ते खोटं होतं. तफावत माझ्या नोंदींमध्ये होती आणि बोलताना मला ते माहीत होतं. मी घाबरलो होतो, पण तुझं नाव घ्यायचं मी ठरवून केलं. त्यामुळे तुझी नोकरी गेली. त्यानंतर तुझ्यावर काय काय ओढवलं ते मला पूर्ण माहीत नाही आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. हे सगळं मी संस्थेला लेखी कळवलं आहे, पोच घेतलेली प्रत सोबत आहे. तू उत्तर द्यावंस अशी माझी अपेक्षा नाही.’

या पत्रात तारीख आहे, कृत्य आहे, ते खोटं असल्याची आणि जाणूनबुजून केल्याची कबुली आहे. भीतीचा उल्लेख आहे, पण ती भीती सबब म्हणून पुढे केलेली नाही. शिवाय पत्र येण्याआधीच एक काम झालेलं आहे, आणि मी सर्वाधिक वजन त्याला देतो. क्रम पाहा: आधी संस्थेला सत्य, मग तुमच्याकडे माफी. क्रम उलटा असेल, म्हणजे ‘तू आधी माफ कर, मग मी खरं काय ते सांगतो’ असा सूर असेल, तर तो सौदा आहे. पश्चात्ताप समोरच्याच्या उत्तरावर अवलंबून नसतो.

पत्र मोघम असण्याचं एक वेगळं कारणही असू शकतं, तेवढं न्यायानं सांगायला हवं. स्पष्ट कबुली दिली तर ती आपल्याविरुद्ध वापरली जाईल म्हणून वकील अनेकदा तोंड बंद ठेवायला सांगतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं यावर 2006 मध्ये कायदाच केला: दिवाणी प्रकरणात माफी ही दोषाची कबुली मानली जाणार नाही, तिच्यात चूक मान्य केलेली असली तरीही. त्याआधी 1986 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं केलेल्या कायद्याचं संरक्षण मात्र सहानुभूतीच्या शब्दांपुरतंच आहे, ‘चूक माझी’ या शब्दांना नाही. म्हणजे पहिल्या ठिकाणी माणूस मोकळेपणानं बोलू शकतो आणि दुसऱ्या ठिकाणी हळहळ व्यक्त करून थांबतो. तुमच्याकडचा नियम काय आहे ते स्थानिक वकिलाला एकदा विचारा; त्यानंतर त्याचं पत्र वाचाल तेव्हा भित्रेपणा कुठला आणि वकिली सल्ला कुठला हे वेगळं काढता येईल.

शरम आणि अपराधाची जाणीव यांत फरक करायला शिका. ‘मी वाईट वागलो’ ही जाणीव माणसाला दुरुस्तीकडे ढकलते. ‘मी वाईटच आहे’ ही शरम माणसाला लपायला, चिडायला किंवा उलट आरोप करायला लावते. माफी मागताना जो ‘मी किती नीच, मला जगायचा अधिकार नाही’ असं सुरू करतो, त्याला सावरण्यात ज्याचं नुकसान झालं त्याचीच शक्ती जाते. अशा वेळी संभाषण थांबवा आणि एकच विचारा: ‘14 मार्चला तू काय म्हणालास, ते सांग.’ कृत्यावर बोलता येत असेल तर पुढे जाता येतं.

भरपाई हानीच्या मापाची हवी. खोट्या आळात तीन वेगळी नुकसानं असतात. पहिलं नावाचं. ज्या कानांनी खोटं ऐकलं त्याच कानांवर खरं गेलं पाहिजे, तितक्याच औपचारिक रीतीनं. बैठकीत आरोप केला असेल तर खासगीत मागितलेली माफी पुरत नाही. तो इतिवृत्तात नोंदवला गेला असेल तर दुरुस्तीही इतिवृत्तातच हवी, आणि पुढच्या मालकांना दिलेल्या शिफारसपत्रांत किंवा शेऱ्यांत तो उतरला असेल तर तिथेही. दुसरं नुकसान पैशाचं: नोकरी टिकली असती तर मिळालेला पगार, त्यातल्या वाढी आणि निवृत्तीनिधीतला मालकाचा वाटा यांतून या काळात प्रत्यक्ष कमावलेलं वजा करायचं. हा आकडा कागदावर मांडा, मागणार नसाल तरी मांडा. हानीचा आकार दिसल्याशिवाय आपण नेमकं काय माफ करतो आहोत हे आपल्यालाच कळत नाही. तिसरं नुकसान वर्षांचं आणि ते भरून निघत नाही. खरी माफी ते भरून निघेल असं भासवत नाही.

पैसा आणि शब्द एकमेकांना कसे धरून असतात याचा चांगला दाखला अमेरिकेच्या 1988च्या कायद्यात मिळतो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. चार दशकांनंतर सरकारनं हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले आणि सोबत माफी. कायद्याच्या मजकुरातच कारणं नोंदवली: वांशिक पूर्वग्रह, युद्धकाळातला उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. कारण न सांगता पैसे दिले असते तर ते तोंड बंद करण्याचे ठरले असते, आणि पैशाशिवाय नुसती कारणं सांगितली असती तर ते भाषण झालं असतं. तरीही कायदा होण्याआधी जे वारले त्यांच्या हाती काहीच आलं नाही. उशिरा आलेल्या दुरुस्तीत अशी माणसं सुटतातच, म्हणून तुमच्या सहकाऱ्याला मुदत घालून द्यायला संकोचू नका.

आणि काळ? बाराव्या शतकातला ज्यू धर्मशास्त्रज्ञ मायमोनिडीज यानं पूर्ण पश्चात्तापाची जी कसोटी सांगितली ती आजही चोख आहे: तीच संधी पुन्हा आली, करायची ताकदही आहे, पकडलं जाण्याची भीतीही आड येत नाही आणि तरी माणूस ते करत नाही. असा प्रसंग मुद्दाम घडवून आणता येत नाही, पण जवळचं काही पाहता येतं. पुढच्या वेळी हिशेबात त्याची चूक निघाली तेव्हा तो कुणाकडे बोट दाखवतो? तुम्ही भेटायला नकार दिल्यावर दुरुस्तीचं काम थांबतं की चालू राहतं? शिस्तभंगाची कारवाई झाली तर ती पत्करतो की तेवढ्यात तुमच्याकडे ‘आता तरी तक्रार मागे घे’ म्हणून निरोप येतो?

क्षमेबद्दल. क्षमा म्हणजे विसरणं नव्हे, त्याला निर्दोष म्हणणं नव्हे, पुन्हा विश्वास ठेवणं नव्हे आणि समेटही नव्हे. समेटाला दोन माणसं लागतात, क्षमेला एक पुरतं. क्षमा म्हणजे ‘त्यानं जे केलं ते चूकच होतं’ हे पूर्ण शाबूत ठेवून त्याच्याविरुद्धचा डूख सोडून देणं. राग हा शत्रू नाही. ‘माझ्याशी असं वागता येणार नाही’ हे सांगणारा तो तुमचा स्वाभिमान असतो, आणि तो ऐकून न घेता केलेली क्षमा टिकत नाही. घाईनं, दबावाखाली माफ करून टाकलं की राग जातो कुठे? तो जागा बदलतो. घरच्यांवर निघतो, झोपेत निघतो, दोन वर्षांनी भलत्याच गोष्टीवरून निघतो, आणि तोवर समोरचा म्हणायला मोकळा: ‘तू तर माफ केलं होतंस.’

पश्चात्तापाशिवाय क्षमा करावी का, यावर धर्मपरंपरांतही एकमत नाही. ज्यू परंपरा माणसानं माणसाचा केलेला अपराध, दुखावलेल्याची समजूत घातल्याशिवाय धुतला जात नाही, असं सांगते. ख्रिस्ती परंपरेत विनाअट क्षमेचा प्रवाह बलवान आहे. बौद्ध विचारात वैर धरून ठेवणं हे धरणाऱ्यालाच भाजणारं मानलं आहे. पण त्याच परंपरेत अपराध कबूल करणाऱ्यानं पुढे संयम पाळण्याचं वचनही द्यायचं असतं. माझं मत असं: विनाअट क्षमा करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, तुमच्याकडून ती मागण्याचा कुणालाही नाही.

भेटायचं ठरलं तर तयारीशिवाय भेटू नका. अपराधी आणि पीडित यांना समोरासमोर आणणाऱ्या मध्यस्थीची आधुनिक सुरुवात मानली जाते ती 1974 मध्ये कॅनडात, ओंटारियोतल्या एल्मिरा गावात. दोन तरुणांनी एका रात्रीत 22 ठिकाणी मोडतोड केली होती. त्यांना शिक्षेचा भाग म्हणून दारोदार जाऊन प्रत्येकाला तोंड द्यावं लागलं आणि नुकसान भरावं लागलं. पुढे ही पद्धत काटेकोर झाली. 2013 मध्ये अशा समोरासमोरच्या बैठकींच्या 10 नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला गेला. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण माफक का होईना घटल्याचं आणि पीडितांचं समाधान वाढल्याचं त्यात दिसलं.

मध्यस्थ दोघांच्याही ओळखीचा पण कुणाच्याच नात्यातला नसावा. त्यानं दोघांना आधी वेगवेगळं, निदान दोनदा भेटावं. सहकाऱ्याला विचारायचं: काय घडलं, त्या वेळी मनात काय होतं, कुणाकुणावर परिणाम झाला, दुरुस्त करण्यासाठी काय करणार. तुम्हाला विचारायचं: सर्वांत जास्त काय लागलं, कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, कोणती गोष्ट ऐकवली तर तुम्ही उठून जाल. मूळ तथ्यावर तो अजूनही ‘तसं नाही, पण’ म्हणत असेल तर भेट रद्द. प्रत्यक्ष खोलीत दाराजवळची खुर्ची तुमची. आधी कोण बोलणार हे तुम्ही ठरवायचं. पाणी आणि कागद टेबलावर असू द्या, बाहेर थांबायला दुसरी खोली असू द्या. क्षमेचा प्रश्न मध्यस्थानं उपस्थित करायचाच नाही. शेवटी ठरलेलं लिहून काढायचं: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झालं की नाही हे कोण पाहणार. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की बहुतेक करार कागदावरच वाळतात.

एका बाबतीत भेटीचा आग्रह कधीच धरू नये: जिथे मारहाण, धाक किंवा ताबा अजून चालू आहे. तिथे मार, मग रडून माफी, मग चार चांगले दिवस, मग पुन्हा मार असं चक्रच असतं आणि माफी हा त्या चक्राचाच एक आरा असतो. तुमचं प्रकरण तसं दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचं असेल तर आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

तक्रारीचं काय करायचं? क्षमा आणि तक्रार एकाच कागदावर येऊ देऊ नका. ‘माझ्या सर्व तक्रारी मिटल्या आहेत’ अशा मजकुरावर माफीच्या बदल्यात सही करू नका. मन मोकळं झालं असेल तर संस्थेला एवढंच कळवा: ‘संबंधित व्यक्तीनं माझी माफी मागितली आहे. व्यक्तिशः माझा राग नाही. घडलेल्या घटनेबाबतचं माझं निवेदन कायम आहे आणि नोंदीची दुरुस्ती व्हावी ही माझी मागणी कायम आहे.’ त्याला कमी शिक्षा व्हावी असं तुम्हाला वाटत असेल तर तेही जरूर लिहा. ते तुमचं मत म्हणून विचारात घेतलं जाईल, निर्णय मात्र त्यांचा.

आणि त्याला आज उत्तर द्यायचंच असेल तर दोन ओळी पुरेत: ‘तुझा निरोप मिळाला. संस्थेला तू काय लिहिलंस त्याची पोच घेतलेली प्रत मला पाठव, ती वाचल्यावर भेटायचं की नाही ते मी कळवीन.’

घरच्यांनाही हीच दोन वाक्यं दाखवा. प्रत येईपर्यंत त्यांनी तुम्हाला या विषयावर काही विचारू नये, असं त्यांच्याशी आजच ठरवून घ्या.